ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

आपल्या कामरेजवरून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्रास मिळते. या नदीच्या मुखाशी इ. स. १६०८ मध्ये कॅप्टन हॉकिन्स याचे जहाज आले आणि इंग्रजांचा हिंदुस्थानाशी व्यापार सुरू झाला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. परंतु हॉकिन्सच्या आधी एकोणतीस वर्षे एक इंग्रज तरुण याच पश्चिम किनाऱ्यावर, गोव्यास, उतरला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. तो व्यापारासाठी आला नव्हता व राज्य मिळविण्यासाठीही आला नव्हता. तो येथे चाळीस वर्षे राहिला, येथेच मरण पावला, आणि जाताना मराठी भाषेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा एक ग्रंथ देऊन गेला. त्या पुरुषाचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या चरित्राची ओळख विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुशटन या गावी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडमध्ये मोठ्या धार्मिक उलथापालथीचा होता. राणी एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली आणि राज्याचा धर्म प्रॉटेस्टंट ठरला. रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिक प्रजेला आपली उपासना उघडपणे करता येईना. सरकारमान्य देवळात रविवारी न जाणाऱ्यास दंड बसू लागला. पुढे पुढे तर कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणे हाही गुन्हा झाला. अशा घरांतून आईबापांपुढे एकच काळजी असे, की आपण जे श्रद्धेने मानले ते आपल्या मुलांच्या हाती कसे द्यावे? शाळा त्यांची नाही, देऊळ त्यांचे नाही, ग्रंथ त्यांचे नाहीत. स्टीफन्स यांचे तारुण्य अशा वातावरणात गेले. एका पिढीची श्रद्धा दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचण्यास राजसत्ता कशी आडवी येते, हे त्यांनी स्वतःच्या देशात डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

थॉमस पाउंड नावाचे एक सधन गृहस्थ स्टीफन्स यांचे स्नेही व आश्रयदाते होते. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, प्रवेश करावा असा बेत त्यांनी केला. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची पुढील बरीच वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात रोम येथे त्यांना येशूसंघात प्रवेश मिळाला. आपल्या बंदिवान मित्राला ते विसरले नाहीत. त्यालाही संघाने आपला मानावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे लेखी विनंती केली व ती मान्य झाली. त्या काळी फ्रान्सिस झेवियर यांनी हिंदुस्थानातून लिहिलेली पत्रे युरोपात सर्वत्र मोठ्या आवडीने वाचली जात. स्टीफन्स यांचेही मन हिंदुस्थानाकडे ओढले गेले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजे गोव्याकडे निघाली, त्यांतील एकावर स्टीफन्स होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून होणारा हा प्रवास सहा महिन्यांहून अधिक चालला. ताजे अन्न नाही, पाणी नासलेले. हिरड्या सुजू लागल्या, पाय सुजू लागले. एकट्या त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली. २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले. पुढे पंधरा-सतरा दिवसांतच स्टीफन्स यांनी आपल्या वडिलांना एक दीर्घ पत्र लिहून प्रवासाचा सारा वृत्तांत कळविला. त्यात वारे, प्रवाह, होकायंत्राची सुई, समुद्रपक्षी, खलाशांची आजारपणे या सर्वांचे बारकाईने वर्णन आहे. हे पत्र पुढे हॅक्लुइट नावाच्या संपादकाने आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले आणि हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ते वाचले. मुलाने वडिलांना लिहिलेले पत्र अशा रीतीने एका राष्ट्राच्या उपयोगी पडले. लिहिणारा मुलगा मात्र पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही.

गोव्यात त्यांना काय दिसले? १५१० पासून गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे प्रांत कायमचे त्यांच्या हाती आले. राजसत्तेचा आणि धर्मप्रसाराचा हात एकमेकांत गुंतलेला होता. १५५९ च्या एका राजहुकमान्वये, आईबाप व आजेआजी नसलेली हिंदू मुले गोव्यातील सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा असे ठरले. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आले. १५६७ साली रायतूरच्या किल्लेदाराने साष्टीतील देवळे पाडली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला तो याच दिवसांत. ज्यांनी गाव सोडले त्यांनी रात्रीच्या अंधारात देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली. जे राहिले त्यांच्या घरांतील पोथ्या गेल्या, सणवार गेले. इंग्लंडमध्ये कॅथलिक आईबापांवर जो प्रसंग होता तोच येथे, कॅथलिक राजाच्या राज्यात, हिंदू आईबापांवर आला होता. स्टीफन्स यांचे कार्य या राजसत्तेच्या आश्रयाने चालले, हे सत्य त्यांचे चरित्र लिहिणाऱ्याने झाकून ठेवू नये.

१५८० मध्ये स्टीफन्स यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि पुढील बहुतेक सारे आयुष्य त्यांनी साष्टी प्रांतात घालविले. तेथील निरनिराळ्या गावी ते धर्मगुरू होते. काही काळ तेथील जेझुइट कॉलेजचेही ते प्रमुख होते. १५८३ हे वर्ष त्यांच्या डोळ्यांदेखत फार भयंकर गेले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावी देवळांच्या विध्वंसाने संतापलेल्या लोकांनी पाच जेझुइट पाद्री व त्यांच्या सोबतची काही माणसे ठार केली. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. दोन्ही बाजूंस रक्त सांडले. तलवारीच्या धाकाने माणूस देवळात येऊन उभा राहील, पण त्याचे मन तेथे येईलच असे नाही, हे कळण्यास याहून स्पष्ट धडा कोणता हवा?

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज ओर्मुझ येथे हेर म्हणून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ते प्रॉटेस्टंट, म्हणजे ज्या मताच्या राज्यामुळे स्टीफन्स यांना देश सोडावा लागला त्या मताचे. तरीही स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी खटपट केली व त्यांना जामिनावर सोडविले. यांपैकी राल्फ फिच हा पुढे उत्तर हिंदुस्थान, बंगाल, ब्रह्मदेश फिरून १५९१ मध्ये लंडनला पोहोचला. त्याने आणलेल्या माहितीचा उपयोग ईस्ट इंडिया कंपनी स्थापन करणाऱ्यांना झाला. तापीच्या मुखाशी इंग्रजांचे जहाज येण्यामागे जे अनेक धागे होते, त्यांतील एक असा गोव्याच्या तुरुंगातून आलेला होता.

आता त्यांच्या खऱ्या कार्याकडे वळू. स्टीफन्स यांनी आपल्याभोवतीच्या लोकांची भाषा मनापासून अभ्यासली. १५८३ मध्येच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे निरीक्षण नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत व युरोपीय भाषांचे नाते जगापुढे मांडले. स्टीफन्स यांना त्याची चाहूल दोनशे वर्षे आधीच लागली होती. लोकांशी ते कोकणीत बोलत. परंतु लोक देवाधर्माच्या पोथ्या वाचतात त्या मराठीत, हेही त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या. एकनाथ महाराज त्या वेळी पैठणला हयात होते. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ओवी महाराष्ट्राच्या घरोघरी नांदत होती. त्या ओवीचे वळण या इंग्रजाच्या कानात व बोटांत उतरले.

ग्रंथ लिहिण्याचे निमित्त काय झाले, ते त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. साष्टीतील एका देवळात रविवारच्या संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम चालले होते. ते पाहून एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्री गुरूंपुढे आपले मनोगत मांडले. आमची पूर्वीची पुराणे आता आम्हांस वर्ज्य झाली. मुलांना थोडीबहुत सूत्रे पाठ होतात हे ठीक, पण घरी बसून वाचावे, मन रमवावे असे काहीच आमच्याजवळ उरले नाही. तेव्हा आमच्या भाषेत तसा एखादा ग्रंथ का करू नये? असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न साधा नव्हता. ज्याचा जुना ठेवा हिरावला गेला आहे आणि नवा अजून हाती आलेला नाही, अशा माणसाचा तो प्रश्न होता. त्याची मुले प्रश्नोत्तरे घोकत होती. पण केवळ घोकलेले किती दिवस टिकणार? संध्याकाळी दिवा लागल्यावर आजी नातवंडांना काय सांगणार? पावसाळ्याच्या लांब रात्री घरातील माणसे काय ऐकणार? रामाची कथा जशी पिढ्यान्‌पिढ्या कानावाटे मनात उतरली, तशी येशूची कथा उतरावयाची असेल तर तिला घरच्या भाषेचे, घरच्या छंदाचे रूप हवे, हे त्या गृहस्थाला कळत होते. स्टीफन्स यांचे मोठेपण असे, की त्यांनी हा प्रश्न धुडकावला नाही. तो योग्य मानून त्याच्या उत्तरासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली.

ते उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पूर्वीची कथा आहे व त्याचे ३६ अध्याय आहेत. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र आहे व त्याचे ५९ अध्याय आहेत. अध्यायाला ते अवस्वरू म्हणतात. एकूण ओव्या १०,९६२. ग्रंथाची सारी मांडणी आपल्या पुराणांसारखी आहे; गुरू कथा सांगतो आणि श्रोते मधून मधून शंका विचारतात. स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास त्यांना संकोच वाटत नाही. भक्ती, मुक्ती, गुरू, स्वामी हे शब्द ठायी ठायी येतात. ख्रिस्ती धर्मविधींची काही नावे मात्र त्यांनी परभाषेतली तशीच ठेवली आहेत. ग्रंथारंभी त्यांनी मराठीची जी स्तुती केली आहे, तीत रत्ने, फुले, पक्षी यांच्या उपमा एकामागून एक येतात. शालेय पुस्तकांतून ती अनेकांच्या परिचयाची झाली आहे. परक्या देशात जन्मलेल्या माणसाने आपल्या भाषेवर एवढे प्रेम करावे, याचा मराठी माणसाला आजही अभिमान वाटतो.

मोठ्यांसाठी पुराण लिहिले, तसे लहानांसाठी त्यांनी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे एक छोटे पुस्तक तयार केले. ते मात्र कोकणीत. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. माझे बालपण कोकणी बोलणाऱ्या घरात गेले. आमच्या घरी भांडण कोकणीत, लाड कोकणीत, बाजारहाट कोकणीत. परंतु श्रावणात आजी पोथी उघडून बसली की ती मराठी. आम्हां मुलांना कळले नाही तर ती ओवी थांबवून अर्थ पुन्हा कोकणीत सांगे. एका घरात दोन भाषा कशा गुण्यागोविंदाने नांदतात, हे ज्याने आतून पाहिले आहे त्यालाच कळावे. आणि चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजाला ते कळले होते. लहान मुलाला उत्तर द्यावयाचे ते त्याच्या आईच्या बोलीत, आणि तो मोठा झाल्यावर त्याच्या हाती द्यावयाचा ग्रंथ तो समाज ज्या भाषेत ग्रंथ वाचतो त्या भाषेत. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे हे सूत्र आहे.

ग्रंथ छापण्याचे काम सोपे नव्हते. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला होता खरा, परंतु त्यात रोमन अक्षरेच होती. ग्रंथ लोकांच्या लिपीत छापावेत अशी स्टीफन्स यांची उत्कट इच्छा होती, आणि १६०८ मध्ये त्यांनी रोम येथील आपल्या प्रमुखांना पत्र लिहून तशी परवानगी मागितलीही होती. ती इच्छा पुरी झाली नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापून निघाले ते रोमन लिपीत. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापली गेली ती १८०५ मध्ये, दूर बंगालमध्ये सेरामपूर येथे. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा स्टीफन्स ६७ वर्षांचे होते. पुढे तीनच वर्षांनी, १६१९ मध्ये, गोव्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे कोकणी प्रश्नोत्तरांचे पुस्तक १६२२ मध्ये व कोकणी भाषेचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणीतील पहिला छापील ग्रंथ आणि कोकणीचे पहिले छापील व्याकरण यांचा मान या दोन पुस्तकांना आहे.

येथे सामान्यतः चरित्र संपावयाचे. परंतु या चरित्राचा गाभा नायकाच्या मृत्यूनंतरच उलगडतो. ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यानंतर वारा फिरला. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत मुलांना धर्म शिकवावा म्हणून स्टीफन्स झिजले, तीच भाषा त्यांच्याच धर्माच्या राजसत्तेने टाकाऊ ठरविली. लोकभाषेतील ग्रंथांचे मुद्रण थांबले. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? तो घरांनी वाचविला. दुष्काळ, लढाया व जाचक कायदे यांना कंटाळून गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा जिल्ह्यात, मंगळूरकडे, जाऊन स्थायिक झाली होती. त्यांनी बरोबर भांडीकुंडी नेली तशी ख्रिस्तपुराणाची हस्तलिखितेही नेली. मूळ प्रत जीर्ण झाली की नवी उतरून घेतली. बाप वाचे, मुले ऐकत. ती मुले मोठी होऊन आपल्या मुलांना वाचून दाखवीत. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कानड्यातील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले व १७९९ पर्यंत ते तेथे अडकून पडले. त्या पंधरा वर्षांत धर्मगुरूंचा आधार नसता, पाठ असलेल्या ख्रिस्तपुराणाच्या ओव्या म्हणून त्यांनी धीर धरला, असे त्या समाजात परंपरेने सांगतात. अखेर १९०७ मध्ये मंगळूरचे जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखिते जमवून हा ग्रंथ रोमन लिपीत पुन्हा छापला. पुढे लंडन येथील एका ग्रंथसंग्रहात त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत असल्याचे उघडकीस आले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. कर्त्याची जी इच्छा त्याच्या हयातीत अपुरी राहिली होती, ती ३४० वर्षांनी पुरी झाली.

योगायोगाची गोष्ट अशी, की स्टीफन्स यांच्या मृत्यूस बरोबर तीनशे वर्षे झाली त्या १९१९ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे निधन झाले. तेही येशूचे चरित्र ओवीबद्ध करीत होते. त्यांचे ख्रिस्तायन अपुरे राहिले आणि ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. स्टीफन्स यांनी घातलेली वाट बुजली नव्हती, याचा हा पुरावा होय.

फादर स्टीफन्स यांच्या काळात श्रद्धा पुढच्या पिढीस देण्याचे दोन मार्ग गोव्यात एकाच वेळी चालू होते. एक हुकूमनाम्याचा. त्याने मुले आईबापांच्या नात्यागोत्यातून काढून घेतली, देवळे पाडली, भाषा बंद केली. दुसरा ओवीचा. तो मुलाच्या भाषेत बोलला, त्याच्या आजीच्या छंदात गायला, आणि पुढे ऐकावे की न ऐकावे हे त्याने ऐकणाऱ्यावर सोपविले. हुकूमनामे आज दप्तरखान्यात धूळ खात पडले आहेत. ओव्या मात्र तीन शतके लोकांनी हाताने उतरून घेतल्या, कारण त्या त्यांना आपल्या वाटल्या. देव हिंदूचा असो वा ख्रिस्ती माणसाचा असो, या बाबतीत नियम एकच दिसतो. कवळ्याच्या शांतादुर्गेची भक्ती टिकली तीही हुकमाने नव्हे. ती डोक्यावर देव घेऊन नदी ओलांडणाऱ्यांनी आपल्या मुलांना ती रात्र पुन्हा पुन्हा सांगितली म्हणून.

आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी अहिराणी बोलतात, काहींच्या घरी कोकणी वा वऱ्हाडी, आणि दाराबाहेर पाऊल टाकले की सर्वत्र गुजराती. कामधंद्यासाठी आईवडील येथे आले. त्यांच्याबरोबर आलेल्या ओव्या, आरत्या, कहाण्या व प्रार्थना तुमच्यापर्यंत पोहोचतील की नाही, हा प्रश्न साष्टीतील त्या गृहस्थाच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. त्याचे उत्तर सरकार देणार नाही व केवळ शाळाही देऊ शकणार नाही. या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी आजीजवळ बसून तिला येत असलेली एक तरी ओवी वहीत उतरून घ्या. ख्रिस्तपुराण असेच वाचले.